आडात सोडलेले बटाटे

बटाटा कानाला लावून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे घरमालक. बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या बाजारात बटाट्याच्या ढिगापुढे ते उकिडवे बसत, एकेक बटाटा उचलून अंगठ्याने दाबत, नखाने टिचकी मारत आणि डोळे मिटून कानाशी धरत. मागे गिऱ्हाइकं खोळंबायची. बटाटेवाली वैतागून म्हणायची, "आप्पा, बोलतोय का न्हाय त्यो?" त्यावर हे शांतपणे सांगत, "बोलत न्हाय म्हणून तर घेतलाय. बोलणाऱ्या बटाट्यात पाणी असतंय."

माणसांनाही ते हेच माप लावत. शेजारच्या विणकराचा बडबड्या जावई म्हणजे नवा बटाटा, म्युनिसिपालटीचा नवा कारकून म्हणजे नवा बटाटा. मी निपाणीहून मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन आले, त्यांच्या सोप्यातली खोली भाड्याने घेतली, तेव्हा बावीस वर्षांची होते. ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि घरात ओरडून सांगितलं, "आक्का, नवा बटाटा आलाय गं!" मला भयंकर राग आला होता. शेरा किती खरा होता ते पुढे कळलं, पण त्याचं मोल मला द्यावं लागलं नाही. ते त्या दोघांनी दिलं.

दोघं म्हणजे आप्पा आणि त्यांची थोरली बहीण. सगळी आळी त्यांना आप्पा आणि आक्काच म्हणे, मीही तेच म्हणू लागले. आप्पा पन्नाशी उलटलेले, धोतरावर पितळी बटणांचा जुना काळा कोट घालणारे. आक्का त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, गळ्यात तुळशीची माळ, अंगात हाडं तेवढी. आई गेल्यावर आप्पांना त्यांनीच वाढवलं होतं. माजघर आणि स्वयंपाकघर आक्कांचं. मागची पडवी आप्पांची. तिथे त्यांची बाज, त्यांची कोळशाची शेगडी, आणि खिळ्याला टांगलेला लांब दांड्याचा एक जाडजूड लोखंडी तवा. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक उंबरा होता. वीस वर्षांत आप्पांनी तो ओलांडला नव्हता.

त्याचं कारण तो तवाच होता. हे मला तुकड्यातुकड्याने कळलं, थोडं आळीतून, थोडं आप्पांकडून. तरुणपणी मागावर पोट भरेना म्हणून आप्पा रेल्वेचं फाटक ओलांडून बेळगावच्या कॅम्पात गेले आणि एका गोऱ्या पाद्र्याच्या बंगल्यात बागेला लागले. पाद्री इंग्रज नव्हता. "डोंगरातला मुलूख हाय त्यांचा, स्वीस म्हणत्यात. राजा न्हाय, समुद्र न्हाय. नुस्तं बर्फ आन गुरं आन बटाटं," आप्पा सांगत. बागेत त्यांनी बटाटे लावले, ते चांगले आले, आणि बटाट्यांच्या मागोमाग तेही बंगल्याच्या स्वयंपाकघरात गेले. मडमेनं त्यांना तिच्या गावाकडचा एक पदार्थ शिकवला. रोष्टी. किसलेल्या बटाट्याची, तव्याएवढी गोल, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ भाकरी. मडमेचं एक मूल इथंच तापानं गेलं होतं. त्यानंतर ती दुसरं काही जेवत नसे, पण रोष्टी केली की खाई आणि खाताखाता रडे. "रडायची, पर ताट रिकामं करायची," आप्पा म्हणत. बाई मायदेशी परत गेली तेव्हा तिनं आठवण म्हणून तो तवा त्यांना दिला.

तवा घेऊन आप्पा घरी आले. जातीच्या पंचांनी जेवणावळ घेतली आणि त्यांना पंगतीला बसवलं. आळी विसरून गेली. आक्कांनी मात्र उंबऱ्यात उभं राहून त्यांना एकच विचारलं होतं. "तिथं जेवलास का रं?"

"व्हय म्हटलं मी," आप्पांनी मला सांगितलं. "बटाटं खाल्लं म्हटलं. तिनं इच्यारलं, कशात तळलेलं? म्हटलं, डुकराच्या चरबीत."

"अहो, एवढं कशाला सांगायचं?" मी म्हणाले.

"इच्यारलं की तिनं," आप्पा म्हणाले. जणू माझाच प्रश्न वेडगळ होता.

त्या दिवसापासून आक्का त्यांना रांधून घालत, पण वरून. ताट उंबऱ्यावर ठेवत आणि मागे सरत. आजारपणात त्यांच्यासाठी जागत, त्यांचे कपडे शिवत, कुणी त्यांना वेडा म्हटलं तर चारचौघांत त्याची सालटी काढत. पण आप्पांच्या हातचं पाणीसुद्धा त्या घेत नसत. आप्पांनी तो तवा शेणींच्या जाळात सात वेळा लाल करून, राखेनं घासून शुद्ध केला होता. आक्का म्हणाल्या होत्या, "लोखंड भाजलं की शुद्ध हुतंय. माणूस कुठनं भाजू?"

असल्या बहिणीला आपल्या हातचं खाऊ घालायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती. लग्न झालं नाही, माग विकला, देशात काय चाललंय, युद्ध पेटलंय का विझलंय, याची त्यांना पर्वा नव्हती. महिन्यात दोन एकादश्या येत आणि त्या दोन दिवसांसाठी ते बाकीचे दिवस ढकलत. कारण एकादशीला बटाटा चालतो. भात-भाकरी म्हणजे अन्न, ते बाटलेल्याच्या हातचं चालायचं नाही. पण साजूक तुपातला बटाटा हा फराळ, अन्न नव्हे. तेवढी एक फट आक्कांच्या धर्मात आप्पांना सापडली होती, आणि वीस वर्षं ते त्या फटीशी बसून होते.

आता गंमत अशी, की रोष्टीला बटाटा आदल्या दिवशी उकडावा लागतो. रात्रभर राहून तो आवळून येतो. ताजा उकडलेला किसला तर त्याचा लगदा होतो. मडमेचा हा पहिला नियम. आणि आक्कांचा पहिला नियम, शिळं चालायचं नाही. दोन बायकांच्या दोन नियमांत आप्पा अडकले. दोघींपैकी एकीचाही शब्द मोडायची त्यांची तयारी नव्हती. कितीतरी एकादश्या वाया घालवून त्यांनी तोड काढली. पहाटे आंघोळ करून बटाटे सालासकट उकडायचे, सुरी जाईल पण मधे एक कणी राहील इतपत. मग ते धुतलेल्या फडक्यात बांधून, पोहऱ्यात ठेवून, परसातल्या आडात खोल, पाण्याला टेकतील न टेकतील असे सोडायचे. चार तास. दोर रहाटाला बांधून ते स्वतः शेजारी दगडावर बसत. उठत नसत. आळीतली माणसं डोकावून विचारत, "आप्पा, मासं धरायलाय का?"

दुपारी पोहरा वर येई. गार, घट्ट बटाटे सोलून ते मोठ्या भोकांच्या किसणीवर एकाच दिशेनं, लांब हात मारून किसत. कीस लांब पडला पाहिजे. नुसतं मीठ, तेही सैंधव. तव्यात तूप तापलं की कीस पसरायचा, उलथण्याच्या पाठीनं दाबायचा, कडा गोल आवळून घ्यायच्या आणि वर झाकण. मग हात लावायचा नाही. मला राहवायचं नाही, मी उलथणं पुढे केलं की ते माझा हात धरत. "हलवू नगा बाई. ज्यास्नी धीर न्हाय, त्यांनी भाकरी खावी."

त्यांच्याकडे घड्याळ होतं, बंगल्यातलंच, पण ते कधीच चालत नसे. वेळ मोजायला त्यांना शेजारच्या हातमागाचे ठोके पुरत. पहिल्या बाजूला तीनशे ठोके. मग तव्याला हिसका द्यायचा. सगळी चकती एकसंध सरकली की झालं. वर ताट पालथं घालायचं, एका झटक्यात तवा उलटा करायचा, ताटातली रोष्टी परत तुपात सरकवायची आणि दुसऱ्या बाजूला दोनशे. सुरी घातली की कुर्र असा आवाज आला पाहिजे. तो आवाज ते मान तिरकी करून ऐकत, बाजारात बटाटा ऐकत तसा. कधी उलटताना तडा गेला, तर ती रोष्टी आक्कांसाठी नसे. "मोडकं द्यायचं न्हाय तिला," हा त्यांचा स्वतःचा नियम. तो मडमेनंही शिकवला नव्हता आणि आक्कांनीही सांगितला नव्हता.

साबूत उतरली की ती ताटात झाकून उंबऱ्यावर ठेवत आणि म्हणत, "आक्का, फराळ." आतून उत्तर येत नसे. आक्का आपल्या दोन केळ्यांवर आणि वाटीभर दुधावर एकादशी काढत. अर्ध्या तासानं आप्पा ताट उचलून माझ्या खोलीशी आणत. "घ्या बाई. तुमचं नशीब चांगलं." आक्का नाही म्हणायच्या आणि माझी चैन व्हायची. खरं सांगते, त्या वयात मला त्याचं काही वाटत नसे. उलट एकादशी कधी आहे हे मी शाळेतल्या कॅलेंडरवर बघून ठेवत असे. दीड वर्ष मी दुसऱ्याच्या वाट्याचा घास चवीनं खाल्ला.

एकदा मीच त्यांना शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, "आप्पा, माझ्या हातचं आक्कांना चालतं. मी केलीय म्हणून नेऊन देते. खातील."

त्यांनी वाकून शेगडीतले कोळसे फुंकले. मोह झाला असणार. मग म्हणाले, "खाईल. पर ती तुमच्या हातचं खाईल."

ते वर्ष आक्कांना जड गेलं. भाद्रपदात तापानं धरलं. उठून बसल्या, पण पूर्वीच्या आक्का राहिल्या नाहीत. भिंत धरून चालायच्या. दसऱ्याला संध्याकाळी आप्पांनी दरवर्षीसारखं आपट्याचं पान उंबऱ्यावर ठेवलं आणि लांबूनच डोकं टेकलं. मी तिथंच आक्कांना सोनं द्यायला थांबले होते. आक्कांनी वाकून पान उचललं. वाकलेल्याच राहिल्या, सरळ व्हायला वेळ लागला.

"उद्या एकादस," त्या म्हणाल्या. "तुझं ते बंगल्यातलं उंबऱ्यावर ठेवू नगंस."

आप्पांचा चेहरा उतरला. "बरं," ते म्हणाले.

"आत आणून दे. पाटाम्होरं. फराळाचंच हाय न्हवं ते?"

आप्पांनी कोट अंगावर चढवला आणि तडक बाजाराची वाट धरली. दसऱ्याच्या संध्याकाळी बाजारात काय असणार? तासाभरानं परतले ते पिशवी छातीशी धरून. जुना बटाटा कुठंच मिळाला नव्हता. जवळच्या काकती गावाकडून आलेला नवा माल, पातळ सालाचा, अंगठ्यानं दाबला तर पाणी दिसेल असा. बाजेवर बसून एकेक कानाला लावत होते आणि खाली ठेवत होते. "समदी बोलत्यात," ते म्हणाले. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं नेमानं झालं. पहाटेची आंघोळ, उकड, आड, चार तास. फक्त आळी गप्प होती. दसऱ्याला मागांची पूजा झाली की दोन दिवस विणकर मागाला हात लावत नाहीत. आप्पांना मोजायला ठोके नव्हते. सारखे कान टवकारत होते. किसायला बसले तर कीस ओला, बोटांना चिकटणारा. फडक्यात घालून पिळला, तरी तसाच. आत आक्का सोवळ्याचा मुकटा नेसून पाटावर बसल्या होत्या.

"परत आंघोळ करून येतो," आप्पा म्हणाले. "उंबरा वलांडायचा हाय. बाई, तेवढं झाकून बसा. मांजर येईल."

मी झाकून बसले असते तर आज हे लिहायला काही उरलं नसतं. ताटलीखाली बघितलं, तर किसाला पाणी सुटलेलं. ही काय उलटणार, ही मोडणार, आणि मोडकी ते नेणार नाहीत, हे मला दिसत होतं. निपाणीला आई थालीपीठ सैल झालं की मूठभर तांदळाचं पीठ टाकायची. मी माझ्या खोलीतून डबा आणला आणि चिमूटभर, फार तर दोन चिमटी, पीठ भुरभुरून हातानं कालवून टाकलं. एकादशी आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या हाताला ते ठाऊक नव्हतं. वरून त्यावेळी मला वाटलं, की मी या दोघांचं केवढं भलं केलं.

रोष्टी अप्रतिम झाली. ठोके नसताना आप्पांनी नुसत्या वासावर ओळखलं, हिसका दिला, चकती सरकली, ताटात पालथी पडली ती पूर्ण गोल, सोनेरी. आप्पा ताट हातात घेऊन क्षणभर उभे राहिले. ओलं धोतर, केसांतून पाणी गळतंय. मग उंबऱ्यापाशी थबकून कुठला पाय आधी टाकावा असा विचार केला आणि आत गेले. मी दाराशी उभी. त्यांनी ताट पाटासमोर ठेवलं. आक्कांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि कडेचा तुकडा मोडला.

आवाज झाला. कुर्र नाही. कट् असा, कोरडा.

आप्पांची मान तिरकी झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नखांत तांदळाचं पीठ अजून पांढरं दिसत होतं. मी मान खाली घातली. 

आक्कांचा हात तोंडाशी गेला होता. "आक्का, थांब," आप्पा म्हणाले. "खाऊ नगंस. पीठ हाय यात."

"पीठ?"

"तांदळाचं. उपास मोडंल तुझा. अन्न झालं हे." आणि त्यांनी पुढे होऊन ताट उचललं. माझं नाव घेतलं नाही.

आक्कांनी हातातला तुकडा उलटून पाहिला. मग त्यांनी तो ताटात परत टाकला आणि त्यांचे डोळे एकाएकी भरून आले. "एवढं गप बसला असतास तर काय बिघडलं असतं रं?" त्या म्हणाल्या. "मला काय कळलं असतं? तेव्हाबी असंच. जेवलो न्हाय म्हणाला असतास, तर त्याच दिवशी जेवले असते तुझ्या हातचं. एकदा तरी खोटं बोलायचं हुतंस माझ्यासाठी."

आप्पा ताट घेऊन बाहेर आले. त्या दिवशी रोष्टी माझ्या खोलीकडे आली नाही. गाईला घातली.

दुसऱ्या दिवशी मी आक्कांचे पाय धरले आणि सांगितलं, पीठ माझ्या हातचं. त्या भाजी निवडत होत्या. "ठावं हाय," म्हणाल्या. "त्याच्या हातनं पडायचं न्हाय. रडू नगंस. पंधरा दिसांनी हाय की एकादस." आप्पांनी मला बोल लावला नाही. एकदाच म्हणाले, "नवा बटाटा," आणि पाठ थोपटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढच्या चार दिवसांत ते खानापूरपर्यंत जाऊन आले आणि कुठल्याशा शेतकऱ्याच्या घरातून मागच्या हंगामाचे दहा-बारा सुरकुतलेले बटाटे घेऊन आले. बाजेखाली वाळूत पुरून ठेवले. रोज उकरून बघत.

आक्कांना आठव्या दिवशी पुन्हा ताप चढला. या वेळी तो उतरला नाही. डॉक्टर येऊन गेले. पोटात काही ठरेना, दुधाचा घोटही उलटून पडे. एकादशीच्या आदल्या दिवशी, दशमीला सकाळी, त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाल्या, "त्याला बलीव."

आप्पा उंबऱ्याशी आले आणि सवयीनं थांबले.

"आत ये," आक्का म्हणाल्या. "उद्याचं उद्या. मी एकादस धरत न्हाय आता. आजच करून आण. खाती."

वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द असा सकाळी नऊ वाजता आला. आप्पा पडवीकडे धावले. त्यांनी वाळू उकरली, बटाटे धुतले, शेगडी पेटवली. बटाटे उकडले. आणि मग ते फडकं शोधू लागले, पोहरा घासू लागले.

मी पळत परसात गेले. "आप्पा, आज नको आड. गरमच किसू या. द्या मी किसते."

"लगदा हुईल."

"होऊ दे! त्या विचारतायत सारख्या. एवढासा घास तर खाणार आहेत. मोडकी झाली म्हणून काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी त्यांना पुन्हा पीठच घालायला सांगत होते. "बाई, वीस वर्सांनी मागितलंय तिनं," ते म्हणाले. "लगदा देऊ?"

 पंधरा दिवसांपूर्वी मी माझं डोकं चालवलं होतं, त्याचं काय झालं ते माझ्यासमोर होतं. आता पुन्हा आग्रह धरायचं तोंड मला नव्हतं. तिथंच मी चुकले. त्या दिवशी ऐकायचं होतं, तेव्हा ऐकलं नाही, आणि या दिवशी भांडायचं होतं, तेव्हा ऐकलं.

पोहरा आडात उतरला. आप्पा दगडावर बसले. आळीतले माग चालू होते, खटक खटक खटक, आणि ते ओठ हलवत मोजत होते. मी आणि शेजारची बाई आक्कांपाशी होतो. "झालं का गं?" आक्का विचारत. "होतंय," मी सांगे. पुन्हा थोड्या वेळानं, "झालं का?" मग विचारायच्या थांबल्या. साडेअकराच्या सुमाराला शेजारच्या बाईनं त्यांच्या नाकाशी हात धरला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुढल्या दारानं आपल्या नवऱ्याला सांगायला गेली.

परसात जाऊन सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी आक्कांचा हात धरून तशीच बसून राहिले. पहिल्यांदा शेजारचा माग थांबला. मग त्याच्या पलीकडचा. बातमी जशी घराघरांतून पुढे गेली तसे एकामागून एक माग बंद पडत गेले. आमच्या आळीत मयत झालं की असंच कळतं, कुणाला ओरडून सांगावं लागत नाही. शेवटचा ठोका टोकाच्या घरातून आला आणि सगळी आळी गप्प झाली.

आप्पा दारात येऊन उभे राहिले. एका हाताच्या बोटावर आकडा धरलेला होता.

"माग का थांबलं?" त्यांनी विचारलं.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. पोहरा आडातच राहिला. आप्पा त्या दगडाकडे फिरकले नाहीत, पाणी शेजारून येत होतं, आणि बाकी कुणाला आठवण नव्हती. तिसऱ्या दिवशी पाणी काढायला मी दोर ओढला तर तो जड लागला. फडक्यात ते दहा बटाटे होते. गार, घट्ट, एकही न फुटलेला. त्यांना दाखवायचं नव्हतं, म्हणून मी ते पदराखाली घेतले आणि आळीच्या टोकाला गुरांपुढे टाकले.

त्यानंतर सात-आठ महिने मी तिथं होते. आप्पा बाजारात जायचे, पण बटाटा कानाला लावायचे नाहीत. बटाटेवालीनं थट्टा केली तर नुसते हसायचे. आता स्वयंपाकघर रिकामं होतं, उंबरा अडवायला कुणी नव्हतं, तरी ते पडवीतच राहिले. एकादशीला तवा खाली काढत, राखेनं घासत आणि परत टांगत. माझी बदली निपाणीला झाली. टांगा दारात आला तेव्हा त्यांनी तो तवा फडक्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेवर ठेवला.

"मला कशाला आप्पा?" मी म्हणाले. "मला उलटता येत नाही. माझी मोडते."

"मोडू दे," ते म्हणाले. "गरम हाय तंवर वाढा."

एवढंच. ते गेल्याची बातमी मला दोन वर्षांनी कळली. तोवर मी संसारात पडले होते.

तवा अजून माझ्याकडे आहे. मी रोष्टी करते. आता मी आदल्या दिवशीच बटाटे उकडते, माझ्या घरात शिळं चालतं. कीस लांब पडतो, तूप चांगलं असतं, तीनशेपर्यंत मी मनातल्या मनात मोजते. पण ताट पालथं घालताना माझा हात दरवेळी कचरतो आणि रोष्टी मोडते. सून म्हणते, "आई, चिमूटभर पीठ घाला, जुळून येईल." मी घालत नाही. परवा मोठ्या नातीनं भूक भूक केली, म्हणून गडबडीनं केली, तर पार चार तुकडे झाले. ती म्हणाली, "आजी, ही फुटली, दुसरी करतेस का?"

मी म्हटलं, "नाही. ही खा. आत्ता खा."